सूयाकच्या मैदानावर पाऊस!

विमान उतरू लागलं तेव्हा खिडकीतून मॉरिशस पहिल्यांदा दिसलं आणि मला वाटलं, इथे कोणीतरी उसात पिरॅमिड बांधून ठेवले आहेत. हिरव्यागार फडांच्या मधोमध काळ्या दगडांचे चौकोनी, उतरते, नीट रचलेले ढीग, दोन पुरुष उंच. शेजारच्या बाई तिथल्याच होत्या. मी त्यांना विचारलं, ही थडगी कोणाची? त्या हसल्या. म्हणाल्या, थडगी नाहीत, शेतं साफ करताना निघालेले दगड आहेत. बेट ज्वालामुखीतून निघालेलं, त्यामुळे ऊस लावायचा तर आधी दगड वेचायचे, आणि वेचलेले दगड ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून तिथेच रचायचे. गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आणलेल्या माणसांच्या नावाचं स्मारक कुठे दिसलं नाही, पण त्यांनी उचललेला एकेक दगड मोजून घेता येईल असा विमानातून दिसत होता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ होतो. आमचा गळीत हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, मॉरिशसचा जूनमध्ये. या सोयीचा फायदा घेऊन आमच्या अध्यक्षांनी मला 'तिकडचा साखरेचा उतारा आपल्यापेक्षा जास्त का' हे पाहायला तीन महिने धाडलं. उतारा जास्त का, ते मी अहवालात लिहिलं. अहवाल कोणी वाचला नाही. इथे लिहितो आहे ते त्या अहवालात न बसलेलं.

माझी व्यवस्था दक्षिण किनाऱ्यावर सूयाकजवळच्या गिरणीच्या बंगल्यात होती. पहिल्याच रविवारी सकाळी दारात पन्नाशीचा एक ठेंगणा माणूस उभा राहिला. उसाच्या बुडख्यासारखा घट्ट, डोक्यावर गवती हॅट, पायात गमबूट.

"तू इंडियातला मराठा ना?"

"हो."

"मंग हितं बंगल्यात काय करतंस? चल घरला."

आणि माझी बॅग उचलून तो चालूही लागला. या बोलीत 'आपण' आणि 'अहो' शिल्लक नाहीत. लहानथोर सगळ्यांना 'तू', आणि त्या 'तू'मध्ये आदर किती हे समोरचा तुमची बॅग किती लांब वाहून नेतो यावरून ठरवायचं. माझी बॅग त्याने दीड मैल नेली.

त्याचं नाव विठू राघो. मळ्यावर तो सिरदार (मुकादम) होता. राघो हे त्याच्या पणजोबांचं नाव. पणजोबा कोकणातून आले तेव्हा बंदरावरच्या कारकुनाला त्यांच्या घराण्याचं नाव विचारायला सवड नव्हती. त्याने समोर उभ्या माणसाचं नाव तेवढं लिहिलं आणि तेच चार पिढ्यांना आडनाव म्हणून पुरलं. विठूच्या बायकोचं नाव शेवंता. तिने मला डाळपुरी, ब्रेद (पालेभाजी) आणि पोमदामूरची सातिनी (टोमॅटोची चटणी) वाढली आणि विचारलं, "इंडियात अशीच खातात नव्हं?"

"अशी नाही. पुरणपोळी असते, ही तिखट डाळ घातलेली नसते."

"आयो," ती कळवळून म्हणाली, "मंग रोज काय खातात गरीब लोक?"

जेवण झाल्यावर विठू म्हणाला, "चल, तुला माझं मैदान दावतो."

मैदान उसाच्या आत कापलेलं होतं, एका बाजूने समुद्राकडे किंचित कललेलं. बेटाभोवती सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, सूयाकपाशी ती तुटलेली आहे. त्यामुळे लाटा थेट कड्यावर येऊन फुटतात आणि माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. दोन टोकांना इंग्रजी एच अक्षरासारखे बांबूचे खांब, आणि एका कडेला दगडांचा तसाच भलामोठा ढीग. त्याला पायऱ्या केल्या होत्या. हीच प्रेक्षकांची बसायची जागा.

"ह्ये सगळं हितं आत हुतं," विठू ढिगाकडे हात करून म्हणाला. "मी आन् माझी मान्सं. दोन साल. दर आयतवारी."

"कशासाठी?"

"रग्बीसाठी."

मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

हकीकत अशी. बेटावर रग्बीचे चार क्लब. एक वरच्या थंड पठारावरचा, मळ्यांचे मालक-मॅनेजर आणि त्यांच्या भाच्या-पुतण्यांचा. दुसरा उत्तरेला पितोंचा, तिसरा तेर रूजचा, आणि चौथा हा, विठूचा. प्रत्येकाने दुसऱ्याशी दोनदा खेळायचं, म्हणजे हंगामात सहा सामने. मळ्याचे मॅनेजर मस्ये (साहेब) आंद्रे हेच पठारावरच्या क्लबचे अध्यक्ष, आणि स्पर्धेचेही. ही पडीक, दगडांनी भरलेली जमीन त्यांनी पाच वर्षांपूर्वी मोठ्या मनाने दिली होती. पण तीन हंगामांत सूयाकने एकही सामना जिंकला नव्हता.

"या साली येक तरी मॅच जिंकायची," विठू म्हणाला. "येक. नाय तर मस्ये हितं ऊस लावनार."

"दगड काढून झाल्यावर?"

"दगड काढून झाल्यावर."

तो रागावलेला नव्हता. पठारावरून पाऊस येतो हे सांगावं तसं त्याने सांगितलं. रागावलो मी. पाहुण्याला परवडणारी ती एकमेव चैन असते.

रग्बी वाचकांना ठाऊक नसेल. थोडक्यात सांगतो. प्रत्येकी पंधरा माणसं. चेंडू अंड्याच्या आकाराचा, म्हणजे तो कुठे उसळी घेईल हे त्यालाही माहीत नसतं. तो घेऊन पुढे पळायचं आणि प्रतिपक्षाच्या हद्दीत जमिनीला टेकवायचा. मात्र हाताने फेकायचा तो मागेच. पुढे जाण्यासाठी सगळं मागे टाकत राहायचं, हे तत्त्व आमच्या संचालक मंडळामुळे मला लगेच समजलं. काही चुकलं की 'स्क्रम' होतो. दोन्हीकडची आठ-आठ माणसं वाकून, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून, डोक्यात डोकी अडकवून उभी राहतात, मधे चेंडू टाकला जातो आणि सोळा माणसं रेड्यांसारखी एकमेकांना रेटतात. चेंडू पायाने मागे ओढला की शेवटचा गडी, म्हणजे आठ नंबर, तो उचलून पळतो.

नियमांचं पुस्तक विठूकडे होतं, पण ते वाचून कोणाला कळलं नव्हतं. "आमाला इंग्लिस येतंय, पर ह्ये बुक येत नाय. तू शिकल्याला हायस, गुरुजी. तू वाच." मी गुरुजी नाही, साखर तपासतो, हे मी सांगून पाहिलं. पा फेर नार्यें (हरकत नाही), असं उत्तर आलं. त्या संध्याकाळी मी पुस्तक वाचून काढलं. धर्मशास्त्राचे ग्रंथ मी कुतूहलापोटी बरेच वाचले आहेत, पण स्पर्शास्पर्शाचा इतका बारीक विचार त्यांतही नाही. दुसऱ्या दिवशी मला सूयाकचा रेषापंच नेमण्यात आलं. काम एवढंच, हातात निशाण घेऊन कडेच्या रेषेने धावायचं आणि चेंडू बाहेर गेला की निशाण वर करायचं. माझं वय चव्वेचाळीस, चष्म्याचा नंबर साडेचार.

हंगामाचं उद्घाटन पठारावर झालं. आम्ही तिथे उसाच्या लॉरीतून गेलो, कारण विठूला तेवढीच मिळाली. लॉरी सकाळीच गिरणीत ऊस टाकून आली होती. रसाने चिकट झालेल्या फळ्यांवर आम्ही वीस माणसं बसलो आणि पठारापर्यंत मुंग्यांनी आमचा पाठलाग केला. उतरलो तेव्हा प्रत्येकाच्या बुडाला पाचट चिकटलेलं होतं. समोर बिल्ल्यांचे कोट घातलेले सभ्य गृहस्थ रांगेत उभे. मखमली उशीवरून रुप्याचा चषक आला. त्याचं झाकण पूर्वीच हरवलं होतं, पण झाकणासाठी दुसरी उशी होती आणि तीही तेवढ्याच गांभीर्याने आणली गेली. कोणा जुन्या गव्हर्नराच्या स्मृतीसाठी एक मिनिट स्तब्धता पाळली. त्याचं नाव मी तिघांना विचारलं, तिघांनी तीन नावं सांगितली. मग मस्ये आंद्रेंनी फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन भाषांत भाषण केलं. दोन्हींत 'खिलाडूवृत्ती' होती. 'मैदान हे कष्टाने मिळवावं लागतं' हेही दोन्हींत होतं. त्या वेळी त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि विठूने पाठीमागे हात नेऊन पाचट काढलं.

सामना आम्ही अठ्ठावीस-शून्य हरलो.

हरण्याची रीत मात्र विचित्र होती. सूयाकचे पुढचे आठजण पठारावरच्या पोरांपेक्षा दणकट होते. उसाच्या मोळ्या उचलणारे खांदे ते. रेटण्यात ते कमी नव्हते. पण स्क्रम लागला की सरळ पुढे जाण्याऐवजी तो जात्यासारखा फिरू लागायचा. दर वेळी डावीकडेच. चेंडू भलतीकडून बाहेर पडायचा, प्रतिपक्षाला आयता मिळायचा, आणि आमचे आठजण प्रेक्षकांकडे तोंड करून उभे. पितोंविरुद्ध तेच. विठू कडेने गरागरा हात फिरवत ओरडायचा, "सरळ रं! सरळ! बेफांनो (बैलांनो), नांगर कंदी धरला न्हाय काय?"

"सिरदार, आमी सरळच जाताव," आघाडीच्या मधला गंगाराम शपथेवर सांगायचा. "भुई फिरते."

उलगडा तिसऱ्या सामन्यात झाला. तेर रूजचा संघ सूयाकला आला होता, दुकानदार आणि कारकून मंडळी, लॉरीऐवजी बसने आलेली. एक स्क्रम अगदी माझ्या रेषेलगत लागला. वाकलेल्या सोळा पाठी, मधून वाफ, घामाचा आणि निलगिरीच्या तेलाचा वास. आणि त्या गठ्ठ्याच्या आतून मला गाणं ऐकू आलं.

मी कान लावला. गंगाराम दोन्हीकडच्या दोस्तांच्या गळ्यात हात टाकून, डोकं शत्रूच्या खांद्याखाली अडकलेलं असताना, दबक्या आवाजात गण म्हणत होता. गणपतीचा गण. मागचे सातजण हुंकार भरत होते. आणि पाय पडत होते: एक, दोन, तीन, मुरड, एक, दोन, तीन, मुरड.

माझी आई गुहागरकडची. भाद्रपदात अंगणात जाखडी पाहत मी वाढलो. मधे ढोलकीवाला, भोवती एकमेकांना धरून फेर धरणारे गडी, तीन पावलं टाकून चौथ्याला वळायचं. इथे तिला झाकरी म्हणतात. सामना संपल्यावर (हरलोच) मी गंगारामला विचारलं, "स्क्रममध्ये गण का म्हणतोस?"

"भ्या वाटतं गुरुजी. तोंडाम्होरं येवढाली लाल टकली. बाप्पाचं नाव घेतलं की बळ येतं."

"आणि हे आठही जण?"

"आमी आठ झाकरीचंच. न्हानपनापास्नं येका फेरात."

विठू मटकन दगडांच्या पायरीवर बसला. तीन वर्षं तो जमिनीच्या उताराला दोष देत होता. एकदा तर त्याने मैदानाची डावी बाजू चार बोटं भरूनही घेतली होती. "म्हंजे," तो हळूच म्हणाला, "तीन साल ह्ये मस्येच्या पोरांसंगं झाकरी नाचतायत?"

हुकूम निघाला: स्क्रममध्ये तोंड बंद. पुढच्या रविवारी पितोंला, सपाट उसाच्या प्रदेशात, धुळीत, आमच्या आठजणांनी तोंडं घट्ट मिटली आणि स्क्रम फिरला नाही. तो सरळ मागे गेला. एक्केचाळीस-शून्य. परतताना वाटेत एका गाडीवर गातो पिमां (डाळीचे तिखट वडे) घेतले, ते निमूट खाल्ले.

मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि तिथे मला आमचं कलम सापडलं. स्क्रम फिरवणं हा गुन्हाच नव्हता! फिरता फिरता काटकोनापलीकडे गेला तर पंचाने शिट्टी वाजवायची आणि पुन्हा नवा स्क्रम लावायचा, एवढंच. दंड नाही. काटकोनाच्या आत फिरला तर खेळ चालू. मी कागदावर आकृती काढली. झाकरीचा एक फेरा सोळा पावलांचा, म्हणजे चार पावलांत काटकोन. तिसऱ्या पावलाला थांबायचं. तेवढ्यात प्रतिपक्ष तोंड फिरवून उभा असतो आणि आपला आठ नंबर दौलत उघड्या बाजूने चेंडू घेऊन सुटतो. दौलत टपाल वाटायचा. कुत्री चुकवून पळण्यात त्याला बेटावर जोड नव्हती.

विठूला ते पटलं. दौलतला पटलं. गंगारामने कागद पाहिला, माझ्या हातात परत दिला आणि म्हणाला, "नाय."

"का?"

"गण मधी मोडत नाय."

"अरे, हा खेळ आहे."

"गण खेळ नाय. धरला की पुरा करायचा. आपल्या हातानं मोडला तर मंडळीवर येतं." आणि मग माझ्याकडे खेदाने पाहून, "तू इंडियातला ना गुरुजी? तुला म्हाईत नाय?"

पाचवा सामना तेर रूजला, या तिढ्यातच हरलो. फरक थोडा होता, पण हरलो. आता एकच उरला, पठारावरच्या क्लबशी, सूयाकला, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. विसर्जनही त्याच दिवशी.

गणपती विठूकडेच बसायचा. ओढ्याकाठची माती आणून त्यांनी स्वतः केलेला, सोंड जरा आखूड. महिनाभर घरात मासा नव्हता, रोम (रम) नव्हती. मी इंडियातला म्हणून पूजा मी सांगायची, असं परस्पर ठरलेलं. देवाशी माझा पत्रव्यवहार विद्यार्थिदशेतच थांबला होता, पण आठवतील तेवढे मंत्र मी म्हटले आणि जिथे आठवले नाहीत तिथे रसायनशास्त्रातली नावं संस्कृतासारखी म्हणून वेळ भागवली. कोणी हटकलं नाही. पठारावरच्या मखमली उशीला मी हसलो होतो. माझ्या सोवळ्याला हसायला तिथे कोणी नव्हतं, एवढाच फरक.

जेवणं झाल्यावर विठू आणि गंगाराम अंगणात समोरासमोर बसले. शेवंता मोदकाची परात घासत होती.

"गंगाराम," विठू म्हणाला, "तू पन दगड उचललेस. तुजा अंगठा गेला त्यात. हितं ऊस लावला तर तुला बरं वाटंल काय?"

गंगारामने अर्ध्या अंगठ्याकडे पाहिलं. "मैदानापायी बाप्पाला खोटं पाडू?"

परात घासायचा आवाज थांबला. "काय रं बाबांनो," शेवंता म्हणाली, "झाकरी चालू असताना पाऊस आला तर काय करता?"

"थांबतो," गंगाराम म्हणाला.

"मंग गण मोडत नाय?"

"पावसानं मोडला तर पाप नाय. पाऊस गेला की तितनंच म्होरं धरायचा."

"म्हंजे भायेरनं थांबवलं तर चालतं. तुमी मोडू नुका. ह्यो भायेरनं 'पाऊस!' म्हणून वरडंल. तुमी थांबा. म्होरल्या स्क्रमला तितनंच धरा." आणि ती पुन्हा परात घासू लागली.

गंगारामने आभाळाकडे पाहून विचार केला. दक्षिण किनाऱ्यावर पाऊस दिवसातून चारदा येतो, त्यामुळे या विषयावर तिथे भरपूर परंपरा साठलेली आहे. "कोरेक (झकास)," तो म्हणाला. मी मात्र थक्क होऊन बसलो होतो. मीमांसेवर मी दोन जाड ग्रंथ वाचले आहेत. परात घासताना केलेली मीमांसा पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लख्ख ऊन पडलं होतं. दगडांच्या ढिगावर गाव चढून बसलं होतं. विसर्जनाची मिरवणूक मैदानाशीच थांबली. गणपती ढिगाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवला, म्हणजे त्यालाही दिसावं. मस्ये आंद्रेंना खाली खुर्ची दिली होती. देव वर आणि अध्यक्ष खाली, ही व्यवस्था त्यांना खटकली असावी, कारण त्यांनी दोनदा खुर्ची हलवून पाहिली. पंच होते मिस्टर हॉब्स, ब्रिटिश नौदलाच्या तळावरचे तारायंत्री. तळ केव्हाच उठून गेला होता, हॉब्स मात्र शिट्टीसह मागे राहिले होते. वय साठ. नियमाला पक्के.

पहिल्या अर्ध्या तासात पाहुण्यांनी दंडाच्या दोन लाथा खांबांमधून घालून सहा गुण केले. मग आमचा पहिला खरा स्क्रम लागला. आतून हुंकार आला. पावलं पडली: एक, दोन, तीन...

"पाऊस!" विठू गरजला.

स्क्रम गचकन थांबला. पठारावरचे आठजण तिरके, ढिगाकडे तोंड करून. निरभ्र आकाशाखाली सगळं गाव वर हात करून एका सुरात ओरडलं, "पाऊस!" आणि त्यांच्यातल्या एका सभ्य तरुणाने, आईबापांनी आसपासच्या आवाजांकडे लक्ष द्यायला शिकवलं असावं, मान वर करून पाहिलं. तेवढ्यात दौलत उघड्या बाजूने निघाला. टपालाची पिशवी नसल्यामुळे तो नेहमीपेक्षाही हलका होता. चेंडू त्याने खांबांखाली टेकवला नाही, कोपऱ्यात टेकवला, कारण तिकडे कमी माणसं होती. चार गुण. तीन वर्षांत सूयाकने पहिल्यांदाच चेंडू प्रतिपक्षाच्या हद्दीत टेकवला होता, त्यामुळे पुढची पाच मिनिटं शंख, ढोलकी आणि रडारड यांत गेली. हॉब्सनी घड्याळ थांबवलं.

त्यानंतर दर स्क्रमला तेच. गण जिथे राहिला असेल तिथून पुढे. तीन पावलं, "पाऊस!", दौलत. पाहुणे शहाणे झाले आणि दौलतला धरू लागले, तसा तिजां नावाचा आमचा क्रेओल (आफ्रिकी वंशाचा) कोळी चेंडू झेलू लागला. त्यालाही आता 'पाऊस' एवढा एक मराठी शब्द येत होता आणि तो चेंडू नसतानाही ओरडत होता. शेवटची दहा मिनिटं उरली असताना दंडाची लाथ आम्हाला मिळाली. तिजांने अनवाणी पायाने ती खांबांमधून घातली. सात-सहा.

मग पठार उठलं. त्यांनी आम्हाला आमच्याच रेषेपर्यंत रेटत आणलं. सहा हातांवर आमची हद्द, आणि तिथे स्क्रम लागला, अगदी माझ्या समोर. घड्याळात थोडकाच वेळ. इथून चेंडू निसटला की सगळं संपलं: सामना, मैदान, दोन वर्षांचे रविवार. गंगारामचा आवाज आता दबका राहिला नव्हता, तो मोकळ्या गळ्याने म्हणत होता. गणाचा शेवटचा फेरा आला होता.

एक, दोन, तीन... विठूने तोंड उघडलं.

आणि मला पुस्तकातलं कलम दिसलं. काटकोन ओलांडला तर पुन्हा स्क्रम. दंड नाही. घड्याळ चालू.

"ओरडू नको!" मी किंचाळलो. "विठू, गप्प! फिरू दे!"

तटस्थ रेषापंचाने असं करणं शोभत नाही. माझं निशाणही त्या वेळी विठूच्या तोंडावर दाबलेलं होतं.

गाव एकदम गप्प झालं. चौथं पाऊल पडलं. स्क्रम काटकोनापलीकडे गेला. शिट्टी. "पुन्हा स्क्रम," हॉब्स म्हणाले. डोकी सुटली, डोकी अडकली. गंगारामच्या लेखी शिट्टी म्हणजे पाऊसच, त्याने राहिला तिथून फेरा धरला. चार पावलं. शिट्टी. मस्ये आंद्रे खुर्चीवरून उठले. पुन्हा चार पावलं. पाहुण्यांची आघाडी आता समुद्र, ऊस, गणपती आणि अध्यक्ष यांच्याकडे आळीपाळीने तोंड करून भोवंडली होती. त्यांच्यातला एक सुटल्यावर भलत्याच बाजूला जाऊन वाकला आणि त्याला हाताला धरून परत आणावं लागलं. शिट्टी. चौथ्यांदा आमचे आठ आणि त्यांचे आठ असे सोळाही जण, इलाज नसल्यामुळे, एका तालात पावलं टाकत होते. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. फेरा पुरा झाला. गण पुरा झाला. गंगाराम थांबला, आणि हॉब्सनी घड्याळ पाहून लांब शिट्टी वाजवली.

पुढे काय झालं ते मला सलग आठवत नाही. कोणीतरी माझा चष्मा काढून गुलाल लावला आणि परत चढवला, त्यामुळे उरलेली संध्याकाळ मी लाल रंगात पाहिली. मस्ये आंद्रे हॉब्सकडे गेले. हॉब्सनी खिशातून पुस्तक काढलं, पान उघडलं, त्यावर बोट ठेवलं आणि मिटलं. मग अध्यक्षांनी छोटंसं भाषण केलं. त्यात खिलाडूवृत्ती होती. पण भाषण संपल्यावर ते विठूपाशी आले आणि बेटावरच्या क्रेओल बोलीत, म्हणजे पहिल्यांदाच माणसासारखे, म्हणाले, "विठू, ही तुझी जमीन नाही. पण मैदान तुझं."

विठू ढिगापाशी गेला, खालच्या पायरीचा एक डगमगता दगड पायाने आत सरकवून पक्का केला, आणि मग गणपतीला खांदा द्यायला वर चढला. मातीने माखलेले पंधराजण समुद्रात उतरले. पठारावरचे चौघे-पाचजणही मागोमाग आले, बहुधा अजून कोणत्या दिशेला जायचं ते न उमगल्यामुळे.

चषक अर्थातच पठारावर गेला, दोन्ही उशांसकट. सूयाक तक्त्यात शेवटचंच राहिलं.

आठ दिवसांनी मी परतलो. विमानातून पुन्हा दगडांचे ढीग दिसले आणि मी उगीचच त्यांच्यात पायऱ्या असलेला एक शोधत राहिलो. आयुष्यभर मी समारंभांकडे भुवई उंचावून पाहत आलो आहे. ती सवय गेली नाही, पण कुठल्या समारंभात माणूस दगड उचलून आला आहे आणि कुठल्या समारंभात झाकणासाठी उशी आहे, एवढं आता आधी पाहतो. वर्षभराने विठूचं पत्र आलं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. त्यात तीन वाक्यं होती. शेवंता बरी आहे. यंदाही पाच मॅच हरलो. मैदानात गवतच आहे.

त्याच भाद्रपदात मी गुहागरला मामाकडे गेलो. अंगणात जाखडी रंगली होती. तिसऱ्या पावलाला माडांवरून सर आली, कोणीतरी "पाऊस! पाऊस!" म्हणून ओरडलं, ढोलकी पोटाशी धरून सगळे पडवीत पळाले. मी एकटाच भिजत अंगणात उभा राहिलो, एक हात वर करून, दौलत कोणत्या बाजूने सुटतो ते पाहत.